पक्की आहेस हं!

अनुवादाच्या कामात लांबलचक वाक्यं फारसा त्रास देत नाहीत. ती दुरूनच दिसतात आणि त्यांच्यासाठी आपण कंबर कसून बसलेले असतो. छळतात ती चार-पाच शब्दांची वाक्यं, वाटेत सहज भेटल्यासारखी येतात ती. गेल्या पावसाळ्यात एका इंग्रजी कथेचं मराठी करताना असंच एक आडवं आलं. एक म्हातारा घोडे विकणारा आणि एक शाळकरी वयाची मुलगी. दोघांची तीन पानं घासाघीस चालते. शेवटी म्हातारा लगाम तिच्या हातात देतो आणि म्हणतो, 'यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन.' कथा लगेच पुढच्या प्रसंगाकडे वळते. मी मात्र दोन दिवस त्या तबेल्यातच उभी.

शब्दकोशाने आपलं काम चोख केलं होतं. सौद्यात तसूभरही न हटणे, आपल्या अटींवर व्यवहार पुरा करून घेणे. अर्थ बरोबरच आहे. पण 'तू कठोर सौदा करतेस' असं मराठीत कोण कोणाला म्हणतं? मी ते म्हाताऱ्याच्या तोंडी घालून पाहिलं, तर तो एकदम कुरकुर करायला लागला. मूळ कथेत तो कुरकुरत नव्हता. तो हसत होता. लेखकाने तसं लिहिलेलं नव्हतं, तरी ते दिसत होतं.

हे वाक्य कोण म्हणतं, इथेच खरी मेख आहे. तृतीयपुरुषी वापरलं की त्याचा नूर वेगळा असतो. अमुक कंपनी फार कठोर सौदा करते, तमुक देशाच्या शिष्टमंडळाने कठोर सौदा केला, असं वर्तमानपत्रात येतं आणि त्यात थोडी तक्रार, थोडा दरारा असतो. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'यू' म्हटलं, की वाक्य उलटं होतं. ते हरलेल्याने जिंकलेल्याला म्हणायचं असतं, आणि तेही सौदा तुटल्यावर कधीच नाही, जमल्यावर. आपण चार पैसे सोडलेले आहेत, आता वर दोन शब्द सोडायचे. ऐकणाऱ्याला ते फार आवडतात. मलाही आवडतात. याच कथेच्या अनुवादाचा दर ठरवताना संपादक फोनवर हसत म्हणाले होते, 'तुम्ही भलत्याच पक्क्या आहात बुवा!' आणि मी दिवसभर मान ताठ करून घरात फिरत होते.

'बार्गेन' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ भावासाठी हुज्जत घालणे. पुढे गंमत झाली. इंग्रजीत तो आधी हुज्जत होता, मग हुज्जतीतून ठरलेला करार झाला आणि मग स्वस्तात पदरात पडलेली वस्तू झाला. सेलच्या पाट्यांवर असतो तो हा शेवटचा. तिकडे आजच्या फ्रेंचमध्ये त्याच घरातलं 'बार्गिन्ये' हे क्रियापद उरलं आहे, पण त्याचा बाजाराशी संबंध सुटला. त्याचा अर्थ आता घुटमळणे, आढेवेढे घेणे. आणि तेही बहुतेक 'न घुटमळता' अशा नकारी प्रयोगातच ऐकू येतं. मला फ्रेंचांचं हे विस्मरण फार सूचक वाटतं. घासाघिशीतून पैसा वजा केला, तर खाली काय उरतं? घुटमळणंच उरतं. एक पाय दुकानाच्या उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. इंग्रजी माणसाने वस्तू घरी नेली आणि फ्रेंच माणूस अजून उंबऱ्यावरच उभा आहे.

'ड्राइव्ह' हे क्रियापद गुरं हाकण्याचं. वेल्समधले गुराखी शेकडो मैल जनावरं हाकत लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात आणत, त्यांचंही तेच क्रियापद. एखादा व्यवहार रेटत रेटत शेवटाला नेणं या अर्थी ते सौद्याला जोडलं गेलं. फिलिप सिडनी १५८६ साली वारला. त्याच्या 'आर्केडिया'त एक मेंढपाळ स्त्री जे गीत गाते, त्यात हा सौदा 'हाकलेला' सापडतो. आणि तो सौदा कसला, तर हृदयांचा. त्याचं हृदय माझ्याकडे, माझं त्याच्याकडे, दोघांनाही तोटा नाही. म्हणजे ज्या शब्दांना आज आपण कोट-टाय घालून टेबलाशी बसवतो, ते एकेकाळी कुरणात बसून अगदी समसमान देवाणघेवाण करत होते. 'हार्ड' त्यात तेव्हा नव्हताच.

मराठीने ही कामं वेगळी वाटून दिली आहेत. आपल्याकडे सौदा कठोर नसतो. तो पटतो, जमतो, फिसकटतो, मोडतो. कठोरपणा माणसाकडे जातो, आणि तिथे त्याला छटाच छटा. पक्का, चिवट, खमकी, चिकट, नंबरी. आणि घासाघीस. या शब्दात दोन दगड एकमेकांवर घासल्याचा आवाज आहे. हाकण्यात एक हाकणारा आणि एक हाकला जाणारा असतो. घासण्यात दोन्ही दगड झिजतात. इंग्रजी वाक्य मराठीत उतरेना याचं एक कारण मला इथे सापडलं. म्हाताऱ्याच्या वाक्यात मुलीने सौदा हाकला होता. माझ्या मराठीत दोघं झिजले होते.

सौदा हाकणाऱ्याचं सगळ्यात विनोदी चित्र शेक्सपिअरने काढलं आहे. 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात तीन बंडखोर इंग्लंडचा नकाशा पसरून बसतात. वेल्सचा ग्लेनडॉवर, सिंहासनावर हक्क सांगणारा मॉर्टिमर आणि उत्तरेचा तापट तरुण हॉटस्पर. राजाला पाडल्यावर राज्य कसं वाटून घ्यायचं, याची बैठक. हॉटस्परला ट्रेंट नदीच्या उत्तरेचा भाग मिळणार. पण ती नदी मध्येच वळण घेऊन आत शिरते आणि त्याच्या वाट्याचा अर्धचंद्राकृती तुकडा कापते. हॉटस्पर बिथरतो. नदीला बांध घालीन, तिला सरळ वाहायला लावीन, म्हणतो. ग्लेनडॉवर म्हणतो, नदी बदलायची नाही. दोघं हमरीतुमरीवर येतात. शेवटी ग्लेनडॉवर नमतं घेतो : ठीक आहे, वळव तुझी नदी. त्यावर हॉटस्पर जे म्हणतो ते अफाट आहे. त्याला त्या जमिनीचं काहीच पडलेलं नाही. लायक मित्राला तो याच्या तिप्पट जमीन देऊन टाकेल. पण सौदा म्हटला की केसाच्या नवव्या हिश्शासाठीही तो भांडणार.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. जे राज्य अजून हातात नाही, त्याच्या नदीच्या वळणावरून ही मारामारी. पण मला हॉटस्परच्या त्या उलट्या न्यायाची कायम मोहिनी पडते. देताना हात सैल, ठरवताना मूठ घट्ट. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. लग्नात आहेराला हजार रुपये घालतील आणि मांडववाल्याशी पन्नास रुपयांसाठी तासभर बोलतील. त्यांना कंजूष म्हणता येत नाही. पैसा वाचवणं हा त्यांचा हेतूच नसतो. सौदा ही एक वेगळी जागा आहे, तिथे सैल पडणं म्हणजे आपली किंमत कमी होणं, असं त्यांना वाटतं. इतिहासात तो तिघांचा वाटणीचा करार १४०५ मधला, म्हणजे हॉटस्परच्या मृत्यूनंतरचा. त्यात सहभागी होता त्याचा बाप. शेक्सपिअरने तारखा हलवून मुलाला नकाशापाशी बसवलं आणि बरं केलं. १४०३ च्या जुलैमध्ये श्रूजबरीच्या लढाईत हॉटस्पर पडतो. नाटकात त्या रणांगणावर ग्लेनडॉवर पोचतच नाही. नदी वळवून घेतली, पण ज्याच्याकडून वळवून घेतली तो ऐन वेळी आला नाही. शेक्सपिअर या दोन गोष्टी एकमेकांना कुठेही जोडत नाही. मी जोडते.

याच्या नेमका उलटा सौदेबाज म्हणजे बायबलमधला अब्राहाम. त्याचे दोन व्यवहार 'उत्पत्ती'च्या पुस्तकात जवळजवळच येतात आणि ते शेजारी ठेवून वाचले तर माणूस चक्रावतो. पहिला देवाशी. सदोम नगरी नष्ट करायला देव निघाला आहे. अब्राहाम वाटेत उभा राहतो. नगरात पन्नास नीतिमान निघाले तर? मग नगर वाचवीन, देव म्हणतो. पंचेचाळीस असले तर? चाळीस? तीस? वीस? आणि शेवटी, रागावू नको, एकदाच बोलतो : दहा? प्रत्येक वेळी देव खाली येतो. जगातल्या कोणत्याही मंडईत शोभेल असा हा उतरत्या भावाचा संवाद आहे. 'मी तर धूळ आणि राख' म्हणत म्हणत पुढची पायरी उतरायची, ही नम्रतेची पद्धतही अस्सल बाजारातली. दहाला अब्राहाम थांबतो. का थांबतो, पाच का मागत नाही, याचं उत्तर पुस्तकात नाही. देव उठून जातो, सदोम जळतं, दहाही मिळालेले नसतात.

दुसरा व्यवहार पुढे पाच अध्यायांनी. त्याची बायको सारा वारली आहे. परक्या मुलखात, हेब्रोनला, तिला पुरायला जागा हवी. मकपेलाची गुहा एफ्रोन नावाच्या माणसाची. एफ्रोन चारचौघांदेखत म्हणतो, विकत कशाला, घे तशीच. अब्राहाम किंमत विचारतो. मग एफ्रोन जे बोलतो ते आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या व्यापाऱ्याच्या तोंडी शोभेल : चारशे शेकेल चांदीची जमीन, तुझ्यामाझ्यात तिचं काय एवढं! इथे रीतीप्रमाणे अब्राहामाने दोनशेवर यायला हवं होतं. पुढे यिर्मया हा संदेष्टा एक शेत सतरा शेकेलला विकत घेतो, त्यावरून चारशेचा अंदाज करावा. पण ज्याने देवाला पन्नासावरून दहावर आणलं तो अब्राहाम तराजू मागवतो आणि चारशेच्या चारशे तोलून देतो. एक शब्द बोलत नाही.

परक्यांच्या जिवांसाठी इतकी घासाघीस आणि स्वतःच्या बायकोच्या कबरीसाठी अजिबात नाही. भाव करायला आधी मन थोडं सुटं असावं लागतं, त्या दिवशी ते नव्हतं, हे एक. आणि दुसरं, त्याला ती गुहा फुकट किंवा स्वस्तात नकोच होती. साक्षीदारांसमोर, तोलून, पूर्ण भावात हवी होती. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की तुझ्यावर उपकार केले. काही वेळा न केलेली घासाघीस हाच सगळ्यात पक्का व्यवहार असतो. असा माणूस आपल्याकडे पावती जपून ठेवतो.

घोडेवाल्याकडे परत येते. अशीच एक जोडी आणखी एका पुस्तकात आहे. चार्ल्स पोर्टिसच्या 'ट्रू ग्रिट' या १९६८ च्या कादंबरीत मॅटी रॉस नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे. अर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ गावात तिच्या बापाचा खून झाला आहे. मरण्याआधी बापाने स्टोनहिल नावाच्या व्यापाऱ्याकडून तट्टं विकत घेतली होती. ती आता नकोत. शिवाय बापाचा घोडा स्टोनहिलच्याच तबेल्यातून चोरीला गेला. मॅटी दोन्हीचे पैसे मागते. स्टोनहिल आधी हसतो, मग समजावतो, मग चिडतो, मग घामाघूम होतो. शेवटी तिला तीनशेहून जास्त डॉलर देऊन मोकळा होतो. आणि नंतर ती परत येऊन त्याच तट्टांतलं एक त्याच्याकडून कमी भावात विकत घेते. या कादंबरीवर दोनदा सिनेमा झाला, १९६९ आणि २०१० मध्ये, आणि प्रेक्षक दोन्ही वेळा मुलीच्या जिभेवर खूश झाले. कादंबरी नीट वाचली तर तिची ताकद जिभेत नाही. ती पुन्हा पुन्हा डॅगेट नावाच्या वकिलाचं नाव घेते. सौदा मोडला तर ती कोर्टात जाणार आणि तिला तिथे जायला भीती वाटत नाही. स्टोनहिलला मात्र वाटते. चौदा वर्षांच्या पोरीचा खमकेपणा म्हणजे खिशातला वकील.

जॉन नॅश या गणितज्ञाने हेच समीकरणात मांडलं. सौद्याच्या प्रश्नावरचा त्याचा निबंध १९५० साली छापून आला, तेव्हा तो विशी नुकतीच ओलांडलेला होता. त्याच्या मांडणीत लाभाची वाटणी ठरते ती एका प्रश्नाने : बोलणी फिसकटली तर तुझ्याकडे काय उरतं आणि माझ्याकडे काय? ज्याचं उरलेलं बरं, त्याच्याकडे सौदा झुकतो. आपल्याकडे हे कोणीतरी फार पूर्वी आणि फार निष्ठुरपणे म्हणून ठेवलं आहे : गरजवंताला अक्कल नसते. ही म्हण मला कधीच आवडली नाही. ती विकणाऱ्याच्या गादीवरून सुचलेली आहे. गरजवंताला अक्कल भरपूर असते, थांबायला वेळ नसतो.

मुंबईला हे फार महागात शिकावं लागलं. 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग' हा शब्दप्रयोग बिअट्रिस पॉटर, म्हणजे पुढच्या बिअट्रिस वेब, यांनी १८९१ मध्ये केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो 'सामुदायिक सौदा' म्हणून आला. गिरणगावात त्या सौद्याला बसायचं कोणी, हाच वाद होता. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच संघटनेला प्रतिनिधित्वाचा मान दिलेला, आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा पगार आणि बोनसच्या बरोबरीने हा कायदा रद्द व्हावा हीही मागणी होती. म्हणजे सौदा करण्याच्या हक्काचा सौदा. सामंत कठोर सौदा करणारे म्हणूनच प्रसिद्ध होते. त्याआधी इतर कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या वाढी बघूनच गिरणी कामगार त्यांच्या दारात गेले होते. पण मालकांकडे कापडाचे साठे होते, यंत्रमागांवर कापड विणून घेता येत होतं, कित्येक गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती. संप जितका लांबेल तितकं त्यांना बरंच. कामगाराकडे गावची वाट होती आणि वाण्याची उधारी. नॅशचं समीकरण लालबाग-परळच्या चाळींमध्ये महिनोन्‌महिने सुटत राहिलं. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तिथे कोणी कोणाला 'पक्के आहात' म्हणालं नाही, कारण म्हणायला दोन माणसं समोरासमोर बसावी लागतात, आणि ते टेबल मांडलंच गेलं नव्हतं.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली जर्मनीतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा खेळ प्रसिद्ध केला. दोन माणसं, काही रक्कम. पहिल्याने वाटणी सुचवायची. दुसऱ्याने हो म्हटलं तर तशी वाटणी होते, नाही म्हटलं तर दोघांना शून्य. हिशेबाने पाहिलं तर दुसऱ्याने एक रुपयाही घ्यायला हवा, शून्यापेक्षा एक जास्तच. माणसं घेत नाहीत. पुढे अनेक देशांत हा खेळ खेळवला गेला आणि पाचव्या हिश्शाहून कमी वाटा पुढे केला की बरेच जण स्वतःचं नुकसान करून घेऊन तो धुडकावतात, असंच दिसलं. अर्थशास्त्राला हे कोडं वाटलं. कुठल्याही गावच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. 'असल्या भावात द्यायची त्यापेक्षा म्हशीला घालीन' हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं.

आयर्लंडच्या जत्रांमध्ये जनावरांचा सौदा होताना मधे एक तिसरा माणूस असे. दोघं अडून बसले, एक जण तरातरा निघाला, की हा त्याला धरून आणायचा, फरक अर्धा अर्धा वाटून घ्या म्हणायचा आणि दोघांचे हात ओढून एकमेकांत आपटायचा. हात लागले की सौदा झाला. आपल्या बैलबाजारातल्या दलालाचा भाऊच तो. फक्त आपल्याकडे सगळं रुमालाखाली, बोटं दाबून, मुकाट्याने. चेहरा दगडाचा, बोलायचं ते बोटं बोलतात. पण आयरिश जत्रेतली पुढची रीत मला जास्त आवडते. पैसे मोजून झाले की विकणारा त्यातलं एखादं नाणं घेणाऱ्याला परत देतो, शुभशकुनाचं म्हणून. त्याला लक पेनी म्हणतात. ज्या नाण्यासाठी आत्ता तासभर हमरीतुमरी झाली, तेच हसत परत. दुसऱ्या दिवशी जनावर आजारी पडलं तर मनात किल्मिष नको, पुढच्या जत्रेत तोंड चुकवायला नको. आपल्याकडे भाजीवाली पिशवीत वर मिरच्या टाकते, मूठभर कोथिंबीर टाकते. हिशेबाच्या बाहेरचं काहीतरी द्यायचं, म्हणजे हिशेब खऱ्या अर्थाने बंद होतो.

म्हाताऱ्याचं ते वाक्य म्हणजे लक पेनीच, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. खिशाला तोशीस न लावणारं नाणं.

आणि त्यामुळेच घासाघीस संपत आली तरी हे वाक्य टिकलं असावं. इंग्लंडात सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी एकच भाव सांगायला सुरुवात केली. शंभर मागून साठला देणं म्हणजे चाळीसचं खोटं बोलणं, असा त्यांचा साधा हिशेब. आधी गिऱ्हाईक बिचकलं, मग कळलं की यांच्या दुकानात लहान मूल पाठवलं तरी फसत नाही, आणि त्यांचे धंदे वाढले. पुण्याला विचारून ठेवलं असतं तर 'एकच भाव' या पाटीत खरेपणाइतकाच तुसडेपणाही घालता येतो, हे क्वेकरांना कळलं असतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या मोठ्या दुकानांनी वस्तूंवर किमतीच लावल्या आणि पाश्चात्त्य शहरांत भाव करणं गावंढळ ठरलं. बाजार गेला, वाक्य घरात शिरलं. आज ते तुम्हाला सर्वांत जास्त ऐकू येईल ते थट्टेत. पोरगं म्हणतं, तीन गोष्टी सांगितल्या तरच झोपेन. बाप म्हणतो, एक. पोरगं म्हणतं, दोन. बाप मोठा उसासा टाकतो आणि म्हणतो, यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन. त्याने मनात पहिल्यापासून दोनच धरलेल्या असतात.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मी थबकले होते, पण का ते कळलं नाही. कळलं ते आईकडे गेल्यावर.

आई मंडईतली नामांकित. महात्मा फुले मंडईत आम्ही तिच्याबरोबर जायचो, तेव्हा बाबा लांब, वर्तमानपत्रांच्या ठेल्यापाशी उभे राहायचे. त्यांना लाज वाटे. तिची पद्धत ठरलेली. ज्या वांग्यांसाठी आलो त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आधी दोडके चाचपायचे, नाक मुरडायचं, मग जाता जाता विचारल्यासारखं, आणि ही वांगी कशी? भाव ऐकून काही न बोलता चालू लागायचं. तिच्या चालण्याचा वेग हीच खरी कला होती. फार भरभर गेलं तर हाक ऐकू येणार नाही, फार हळू गेलं तर हाक येणारच नाही. सातव्या-आठव्या पावलाला मागून यायचं, 'ओ वहिनी, या इकडं.' आणि पिशवीत वांगी टाकताना भाजीवाली म्हणायची, 'न्या बाई. तुमच्यापुढं कोण बोलनार!' आई घरापर्यंत खुशीत असायची.

तिला मी कथेचा प्रसंग सांगितला. शेंगा सोलत तिने ऐकून घेतला. मला वाटलं, ती मंडईतलंच एखादं वाक्य काढून देईल. तिने विचारलं, 'म्हातारा मागत किती होता?'

मी सांगितलं, पन्नास.

'आणि दिला कितीला?'

'छत्तीसला.'

'आणि हसला?'

'लिहिलेलं नाही. पण हसला असावा.'

'मग पोरीला फसवलंन त्याने,' आई म्हणाली. 'त्याला तिसाला परवडत असणार. खरंच तोट्यात आलेला माणूस कशाला कौतुक करत बसतो? तो खाली मान घालून पुडा बांधतो.'

'मग तुला भाजीवाली म्हणायची ते?'

'ती काय वेडी होती? तिला ठाऊक होतं मी परवा परत येणार ते.' आणि तिने जरा थांबून पुढे घातलं, 'मलाही ठाऊक होतं.'

घरी येऊन मी ओळ लिहिली : 'पक्की आहेस हं, पोरी!' तो 'हं' मी तीनदा काढला आणि तीनदा परत घातला. सगळा म्हातारा त्या 'हं'मध्ये होता. तो हरल्याचं कबूल करत होता आणि त्याच वेळी मागच्या मागे लगाम सोडवत होता. मुलीला त्यातलं अर्धंच ऐकू यायला हवं होतं. वाचकाला किती ऐकू येईल, ते त्याच्या त्याच्या मंडईवर.

पुढच्या खेपेला ती छापील पानं आईला वाचून दाखवली. तिने मान डोलावली. मग म्हणाली, 'तुला पानाला किती देतात?'

मी आकडा सांगितला.

आई शेंगा सोलत राहिली.